ज्यांची गोष्ट, त्यांच्यापर्यंत

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ, किकवी अशी गावं एकेक करून मागे पडतात आणि नीरा नदीच्या अलीकडे सारोळे लागतं. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा सुरू. महामार्गावरच्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. सारोळे ज्या मुलखात आहे त्या भोर आणि वेल्हे (या तालुक्याला आता राजगड म्हणतात) या भागाबद्दल पुष्कळ छापून आलेलं आहे. पण ते राजगड-तोरण्याबद्दल, रायरेश्वराबद्दल, पंतसचिवांच्या संस्थानाबद्दल, भाटघरच्या धरणाबद्दल. या मुलखात राहणाऱ्या माणसांबद्दल त्या मानानं फार थोडं. धरणाच्या पाण्याखाली कोणाचं शिवार गेलं, रस्ता रुंद होताना कोणाची विहीर बुजली, कंपनीच्या रात्रपाळीहून आलेला माणूस शेतावर कधी जातो, भातलावणीला आता मजूर कुठून आणतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि लिहिलेलं कुठेच नसतं.

ते लिहिण्याची सगळ्यात चांगली संधी आज याच गावांतल्या शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना आहे. फोन त्यांच्या हातात आहे, सांगणारी आजी त्यांच्या घरात आहे आणि तिची बोली त्यांना शिकावी लागत नाही. विद्यार्थ्यांनी भोवतालच्या माणसांच्या हकीकती गोळा करून लेख, चित्रफीत किंवा ध्वनिमुद्रणाच्या रूपात लोकांपुढे ठेवायच्या, असे उपक्रम आता जगभर होतात आणि त्यांना नवं म्हटलं जातं. साधनं नवी आहेत हे खरं. पण विद्यार्थ्यानं आपल्या माणसांचं सांगणं वर्तमानपत्रात मांडण्याची गोष्ट मराठीत १७० वर्षं जुनी आहे. तिचा मागोवा घेताना प्रत्येक टप्प्याला मी एकच प्रश्न विचारणार आहे: जे लिहिलं गेलं, ते ज्यांच्याबद्दल होतं त्यांच्यापर्यंत परत पोचलं का?

वेताळ पेठेतली विद्यार्थिनी

मराठी वृत्तपत्रांच्या उगमाशीच शाळा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीत होते आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेत शिकवायला लागले. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेत निबंध वाचले जात आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकात ते छापले जात. ही मुलं हुशार होती, तळमळीची होती. पण त्यांची नजर बाहेर होती. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, दूरदेशीच्या रीती असे त्यांचे विषय होते. स्वतःच्या गल्लीत काय चाललंय, हा लेखनाचा विषय होऊ शकतो असं त्या पिढीला फारसं वाटलेलं दिसत नाही.

तो विषय मुक्ता साळवे या मुलीनं आणला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात वेताळ पेठेत चालवलेल्या शाळेत ती शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिचा ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मराठी मिशनचं नियतकालिक होतं, अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेलं.

हा निबंध आज वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो त्यातला तपशील. आपल्या लोकांना जमिनीवरून कसं हुसकावलं, इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून कसं पुरलं, पेशवाईत तालमीसमोरून गेलं तर कोणती शिक्षा होई, हे ती नेमकेपणानं सांगते. बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचं, पावसा-थंडीतल्या हालांचं ती लिहिते. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न ती थेट देवाला घालते. आणि तिथेच थांबत नाही. खालच्या म्हटलेल्या जातीही एकमेकींना वर-खाली मानतात, हे स्वतःच्या लोकांना झोंबणारं सत्यही ती लिहून ठेवते. शेवटी तिचं बोलणं शिक्षणावर येतं. शिका, म्हणजे या अवस्थेतून सुटका होईल, असं ती आपल्या माणसांना सांगते.

पत्रकारितेच्या वर्गात आज ज्या गोष्टी शिकवतात त्यातल्या बऱ्याच इथे आहेत. ऐकीव आणि अनुभवलेलं यांची सांगड आहे, नेमकी उदाहरणं आहेत, दोषी कोण हे सांगायचं धैर्य आहे आणि आपल्या बाजूचेही दोष झाकलेले नाहीत. विद्यार्थ्यांच्या स्थानिक पत्रकारितेची मराठी वंशावळ लिहायची तर पहिलं नाव मुक्ताचं घ्यावं लागतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र इथे अर्धंच मिळतं. निबंधात ती आपल्या लोकांशी बोलते, पण त्यांच्यातल्या किती जणांना तेव्हा वाचता येत होतं? ‘ज्ञानोदय’चा वाचक वेगळा होता. पुढे हा निबंध दीर्घकाळ विस्मरणात गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी तो पुन्हा वाचकांपुढे आणला. आज तिच्या लेकी-नातींच्या पिढ्या तो सभांमधून मोठ्यानं वाचतात. पोचायला शतकाहून अधिक काळ लागला, पण तो पोचला.

गाव मोजणारे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिणारी माणसं खेड्याकडे वळली. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ सुरू केलं आणि नंतर तरवडीहून ते कित्येक दशकं चालवलं. वर्तमानपत्र शहरातच निघतं ही समजूत त्यांनी खोटी ठरवली. १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गाव-गाडा’ आलं. आत्रे महसूल खात्यातले. खेड्यातली कुळं, बलुतेदार, सण, देणी, लाच या सगळ्याचं त्यांचं वर्णन आजही वाचावं असं आहे. पुढे १९३३ मध्ये ना. गो. चापेकरांनी ‘आमचा गाव बदलापूर’ लिहून एका गावाला आख्खा ग्रंथ दिला.

आपल्या विषयाच्या अधिक जवळचं काम पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात झालं. प्राचार्य हॅरल्ड मान यांनी तिथल्या सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव घरोघर, शेतोशेत तपासलं आणि १९१७ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचं त्यांनी जुन्या दफ्तरांवरून दाखवलं. कर्जाचा बोजा किती घरांवर आहे, शेतीवर भागतं किती जणांचं, हेही मांडलं. १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकचा दुसरा अभ्यास आला. महाविद्यालयानं वर्गाबाहेर पडून एका गावाला महिनोन्‌महिने प्रश्न विचारायचे, ही पद्धत आपल्याकडे इथून रुजली. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली आणि डेक्कन कॉलेजात इरावती कर्व्यांकडे ती पोसली गेली. आज पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारती आहेत. तिथे शंभर वर्षांपूर्वी कोणाकडे किती जमीन होती हे सांगणारा आधार म्हणून मानसाहेबांचं पुस्तक अजून उघडावं लागतं.

पण हे पुस्तक इंग्रजीत होतं. ज्या शेतकऱ्यांनी आपली कर्जं, आपले बांध, आपली पोटं उघडी करून दाखवली, त्यांना त्यातलं अक्षरही वाचता आलं नसणार. गावानं दिलं आणि विद्वत्तेनं घेतलं. हा व्यवहार पुढे बराच काळ असाच चालला. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून हजारो विद्यार्थी शिबिरांसाठी खेड्यांत जात आले आहेत. त्यांनी बांध घातले, शोषखड्डे खणले, सर्वेक्षणाचे तक्ते भरले. यातून शहरी मुलांना खेडं दिसलं, हा लाभ मोठा आहे. तक्ते मात्र अहवालात गेले आणि अहवाल विद्यापीठात. ‘तुमच्या गावाबद्दल आम्हाला हे आढळलं’ असं सांगायला तीच मुलं पुन्हा गावात आल्याची उदाहरणं कमी.

भिंतीवरचं दैनिक आणि एकाच प्रतीचं मासिक

परत पोचण्याचा प्रश्न ज्यांनी सहज सोडवला ते साने गुरुजी. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तिथल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं ‘छात्रालय’ नावाचं दैनिक लिहीत. छात्रालयातल्या घडामोडी, देशातल्या बातम्या, थोरांच्या गोष्टी, मुलांचं कौतुक आणि समज असं सगळं त्यात असे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केलं. १९३० मध्ये ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि शाळा सुटली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू झालेलं ‘साधना’ साप्ताहिक याच हातानं काढलेलं आहे.

‘छात्रालय’ दैनिक मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याचा वाचक आणि त्याचा विषय एकच होता. ज्याच्याबद्दल लिहिलं तो तासाभरात ते वाचणार आणि चूक असेल तर गुरुजींपुढे येऊन उभा राहणार. लिहिणाऱ्यावर याहून मोठा धाक नाही. संपादकाची लाल शाई एवढं करू शकत नाही.

याच काळात आणि पुढेही महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये हस्तलिखित मासिकांची परंपरा भरभरून वाढली. ज्यांनी ती पाहिली त्यांना सांगायला नको. फुलस्केप कागदाला समास पाडलेले, वर्गातल्या सगळ्यात सुंदर अक्षराच्या मुलीकडे लेखनाची कामगिरी, चित्रकलेच्या बाईंच्या देखरेखीखाली मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, संपादकीय, ‘मनोगत’, आणि शेवटी दोऱ्यानं टाचलेली एकुलती एक प्रत. स्नेहसंमेलनाला ती टेबलावर मांडायची. सोबतीला भित्तिपत्रक आणि बातम्यांचा फळा. कित्येक मराठी लेखकांचं पहिलं लेखन या प्रतींमध्ये आहे.

हस्तलिखितांत काय असे? कविता पुष्कळ, सुविचार पुष्कळ, पावसाळ्यावर निबंध, थोरांची चरित्रं. पण जिथे एखाद्या शिक्षकानं मुलांना ‘आपल्या गावचा अंक’ काढायला लावला, तिथे वेगळंच घडे. गावच्या देवाची यात्रा, तालमीतले वस्ताद, शाळेची इमारत बांधणारे गवंडी, गावात एसटी पहिल्यांदा आली तो दिवस हे विषय कागदावर येत. सांगणारे जवळचेच असल्यानं अंक घरी नेऊन वाचून दाखवला जाई. या अंकांचं दुःख एकच: प्रत एकच असे. मुख्याध्यापक बदलले, कपाट बदललं, वाळवी लागली, की अंक संपला. महाराष्ट्रात अशी किती गावांची आठवण शाळांच्या कपाटांत होती आणि रद्दीत गेली असेल, याचा विचार अस्वस्थ करतो.

छापील वर्तमानपत्रांत गावाला जागा मिळवून देण्याचं काम पुणे जिल्ह्यात ‘सकाळ’नं केलं. १ जानेवारी १९३२ रोजी तो सुरू करणारे नानासाहेब परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. अग्रलेखांच्या गर्जनेपेक्षा गावोगावच्या बातमीला त्यांनी मोल दिलं आणि खेड्यांत वार्ताहर नेमले. गावातल्या माणसाचं नाव छापून येणं ही त्या घराला वर्षभर पुरणारी गोष्ट असे.

१९५० नंतर आणखी एक दालन उघडलं. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयात, पुढच्या मिलिंदमध्ये, ज्यांच्या घरात अक्षर पहिल्यांदाच शिरत होतं अशी मुलं शिकायला आली. तिथे शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी १९६७ च्या सुमारास ‘अस्मितादर्श’ची चळवळ उभी केली आणि नव्यानं लिहिणाऱ्यांना छापील पान दिलं. मुक्तानं एकटीनं सुरू केलेलं काम आता एका आख्ख्या पिढीनं हाती घेतलं: आपल्या वस्तीचं, आपल्या आईबापांचं, आपल्या शब्दांत सांगायचं.

दूरदेशीचे भाऊबंद

हाच धागा इतर देशांतही दिसतो, आणि त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेला सेलेस्ताँ फ्रेने हा फ्रेंच शिक्षक मोठ्या आवाजात शिकवू शकत नसे. दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या गावात तो मुलांना घेऊन वर्गाबाहेर पडू लागला. सुतार, विणकर, शेतकरी यांच्याकडे जायचं, पाहायचं, विचारायचं, परत येऊन लिहायचं. १९२० च्या दशकाच्या मध्यावर त्यानं वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतः खिळे जुळवून आपला मजकूर छापत, घरी नेत आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवत. वॉर्सात यानुश कोर्चाक या डॉक्टर-लेखकानं १९२६ मध्ये एका दैनिकाची पुरवणी मुलांच्या हाती सोपवली. गावोगावची मुलं पत्रांनी बातम्या कळवत. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसेपर्यंत ती निघत राहिली.

अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ राबन काउंटीतल्या शाळेनं १९६६ मध्ये ‘फॉक्सफायर’ या मासिकाची तयारी सुरू केली. विद्यार्थ्यांनी आसपासच्या म्हाताऱ्यांना भेटून लाकडी घर कसं बांधतात, औषधी मुळ्या कोणत्या, गावच्या जुन्या दरोड्याची हकीकत काय, हे टिपून घेतलं. पहिल्या अंकासाठी वर्गणी गावातूनच गोळा झाली. १९७२ मध्ये निघालेलं पुस्तक प्रचंड खपलं. त्याच्या उत्पन्नातून जमीन घेऊन तिथे जुनी लाकडी घरं हलवून आणून उभी केली गेली. लिहिण्यातून आलेला पैसा त्याच डोंगरात राहिला, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

जपानचं उदाहरण मात्र सावध करणारं आहे. यामागाता प्रांतातल्या यामामोतो या गरीब डोंगरी खेड्यात मुचाकु सेइक्यो या तरुण शिक्षकानं ४३ मुलांना आपल्या घरचं खरं लिहायला शिकवलं. पीक किती, देणं किती, शाळा का बुडते, हे मुलांनी आकड्यांसकट लिहिलं. एका मुलाच्या, आईच्या मृत्यूवरच्या निबंधाला शिक्षणमंत्र्यांचं पारितोषिक मिळालं. १९५१ मध्ये या लेखनाचं पुस्तक झालं, त्यावर चित्रपट निघाला, देशभर नाव झालं. पण गावात नाराजी पसरली. आमची गरिबी जगापुढे मांडली, अशी भावना झाली आणि काही वर्षांत शिक्षकाला गाव सोडावं लागलं. मुलांनी लिहिलं ते खोटं नव्हतं. त्यांचा हेतूही चांगला होता. तरीही ज्यांच्या घरची हकीकत होती त्यांना ती अशी जगापुढे गेलेली रुचली नाही. सांगणारा आणि छापणारा यांच्यातला विश्वास इथे तुटला.

जात्यापासून फोनपर्यंत

विश्वास जपून हे काम कसं करायचं, याचा मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात घडला आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर या समाजशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. विद्यापीठातून माणसं पाठवून हे काम झालं नाही. ‘गरीब डोंगरी संघटने’त काम करणाऱ्या गावच्याच बायका आणि तरुण आपापल्या गावात बसून ओव्या उतरवून घेत. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं असे. हळूहळू हे काम महाराष्ट्रभर पसरलं आणि हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० च्या दशकात त्यातल्या कितीतरी ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं.

या ओव्यांमध्ये काय नाही? माहेर आहे, सासुरवास आहे, पंढरीची वाट आहे, राम-सीता आहेत, डॉ. आंबेडकर आहेत, दुष्काळ आहे. पहाटे दळताना, घर झोपलेलं असताना, बायकांनी एकमेकींना सांगितलेलं हे वर्तमान आहे. गिरणी आल्यावर जातं थांबलं. ओव्या कागदावर आल्या नसत्या तर त्या गाणाऱ्यांबरोबर गेल्या असत्या.

हा संग्रह पुढे ‘पारी’कडे, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’कडे आला आणि २०१७ पासून तो सर्वांसाठी खुला होऊ लागला. ‘पारी’ची स्थापना पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये केली. खेड्यातल्या रोजच्या कामाची, कष्टाची, कलेची नोंद अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, तिथे ठेवली जाते. ओव्या नुसत्या ठेवून दिल्या गेल्या नाहीत. ‘पारी’चे कार्यकर्ते जुन्या वह्यांतली नावं घेऊन त्याच गावांत परत गेले, गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या लेकी-सुनांना भेटले. परत पोचणं हा कामाचाच भाग झाला. ‘पारी’च्या शिक्षण विभागानं शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनाही यात आणलं. विद्यार्थी आपल्या परिसरातल्या माणसांवर वार्तांकन करतात आणि संपादकांच्या मदतीनं ते तयार होतं.

भोर-वेल्ह्याच्या विद्यार्थ्यापर्यंत हा मागोवा असा येतो. सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारखं सामुदायिक रेडिओ केंद्र गावच्या आवाजात गावचं बोलतं. शिवगंगा-गुंजवणीच्या खोऱ्यांत ज्ञान प्रबोधिनी ही संस्था कित्येक वर्षं काम करते आहे आणि दुर्गम वाड्यांतल्या मुली शिकण्यासाठी वेल्ह्यात येऊन राहतात. सांगण्यासारखं ज्यांच्याकडे सर्वात जास्त आहे, त्या मुली आता लिहित्या झाल्या आहेत.

अभ्यासक्रमानंही दार किलकिलं केलं आहे. दहावीच्या मराठीत बातमी लिहायला असते. बारावीच्या ‘युवकभारती’त मुलाखत, अहवाल, वृत्तलेख शिकवतात. पण परीक्षेत मुलगी जी बातमी लिहिते ती बहुधा न घडलेल्या वृक्षारोपणाची असते आणि मुलाखत न भेटलेल्या माणसाची. ढाचा येतो, चौकशी येत नाही. तेच गुण गावातल्या खऱ्या माणसाला भेटून मिळवायचे असं ठरलं, तर सारोळ्यासारख्या प्रत्येक गावात दर वर्षी निदान एका वर्गाएवढ्या हकीकती कागदावर येतील.

काम कसं करायचं

या सगळ्या पूर्वजांकडून काही साध्या रीती घेता येतात.

साल विचारू नये, घटना विचारावी. म्हाताऱ्या माणसाला १९६१ सांगता येत नाही, पण पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात मोठा मुलगा रांगत होता, हे पक्कं आठवतं. कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, घरात पहिली वीज, पहिली मोटर या गावाच्या खुणा आहेत. त्यांच्या आधारानं पाऊण शतकाची हकीकत नीट लावता येते.

बोली बदलू नये. आजी ज्या शब्दांत सांगते ते शब्द ठेवावेत, शहरी वाचकासाठी ते गुळगुळीत करू नयेत. शेतीच्या, भातखाचराच्या, गुरांच्या कामाचे कितीतरी शब्द आता याच वयाच्या माणसांकडे उरले आहेत.

एकाच माणसाच्या सांगण्यावर थांबू नये. जमिनीचा, भावकीचा, जातीचा विषय असेल तर दुसरी बाजू ऐकल्याशिवाय काहीच छापू नये. एका गावात राहून लिहायचं आहे, उद्याही तोंडं बघायची आहेत. ही अडचण नाही, हीच शिस्त आहे.

आणि सर्वात महत्त्वाचं: आधी वाचून दाखवावं, मग छापावं. ज्याची हकीकत आहे त्याच्यापुढे बसून अख्खा मजकूर वाचायचा. काही गाळा म्हणाला तर गाळायचं. नाव नको म्हणाला तर नाव ठेवायचं नाही. छापल्यावर एक प्रत त्याच्या घरी, एक गावच्या ग्रंथालयात, एक शाळेत. आता तर एका प्रतीचं दुःख उरलेलं नाही. जे शाळेच्या कपाटात वाळवीनं खाल्लं ते आज दहा ठिकाणी सुरक्षित ठेवता येतं.

ग्रामसभेच्या दिवशी, म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला, मुलांच्या अशा लेखनातलं एखादं वाचलं जावं, असा आग्रह शिक्षकांनी आणि सरपंचांनी धरावा. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी या धरणांच्या पाण्यानं उठवलेल्या कुटुंबांची हकीकत पहिल्यांदा त्यांच्याच नातवंडांच्या तोंडून तिथे ऐकू यावी. गाव ऐकेल, चुका काढेल, विसरलेली नावं सांगेल, एखादा म्हातारा उठून ‘असं नव्हतं, मी तिथं होतो’ म्हणेल. मग ती हकीकत दुरुस्त होईल आणि गावाच्या साक्षीनं पक्की होईल.

मुक्ता साळवेला हे ऐकणारं गाव मिळालं नव्हतं. तिच्यासाठी वर्तमानपत्र होतं, पण तिच्या वस्तीला ते वाचता येत नव्हतं. आज सारोळ्यातल्या मुलीला दोन्ही मिळू शकतं: जगभर पोचणारं साधन आणि वाचू शकणारं, ऐकू शकणारं गाव. तिनं जगाकडे जरूर जावं. पण पहिलं वाचन तिनं गावात करावं, कारण जे सांगणाऱ्याच्या कानावरून गेलं आहे तेच लेखन खरं उतरतं, आणि अशा लेखनावर गाव उद्याही विश्वास ठेवून दार उघडतं.